अंगातलं लोखंड

"आबा, हा कॅन्सर नाही. हा मणक्याचा टीबी आहे. औषधानं बरा होतो."

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर माझ्या खाटेशेजारी उभे राहून हे बोलले, तेव्हा माझी बायको बाळाबाई पायाशी बसली होती आणि पोरगा तानाजी खिडकीपाशी उभा होता. बाळाबाईनं पदर तोंडाला लावला. तानाजीनं विचारलं, "मग पाय? आबांचं पाय परत चालत्याल का?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "ते आत्ता सांगता येणार नाही. काही जणांचे पूर्ण परत येतात, काही जणांचे नाही येत. औषध सुरू करू, व्यायाम करू, मग बघू."

मी आडवाच होतो. कमरेखालचं अंग माझं आहे का दुसऱ्या कुणाचं, हे हात लावून बघावं लागत होतं.

मणक्याचा टीबी म्हणजे काय ते आधी सांगतो. टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो. पण तोच रोग हाडातही जातो, मणका आतून पोखरतो, आणि मणक्यातनं जी पायाला जाणारी दोरी असते ती दाबली जाते. ह्या रोगावर डॉक्टर लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी लिहायला बसलो ते फोटोच्या खोलीबद्दल. एक्स-रे, सीटी, एमआरआय, सगळ्याला आमच्याकडं फोटोच म्हणतात. त्या खोलीत माणूस कसा जातो, तिथं त्याला काय सांगायला हवं आणि त्यानं काय लपवू नये, हे मला माझ्या अंगावरनं कळलं. तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडावं, म्हणून लिहितो.

मी धुळा. कडेगावच्या पूर्वेला आमची वस्ती आहे. बापजाद्यापासून मेंढरं. आता पाणी आलंय, थोडा ऊस आहे, पण दहा-बारा मेंढरं मी अजून ठेवली आहेत. सत्तरी कधीच मागं पडली. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरानं छडी उगारली म्हणून मी सोडली, परत गेलो नाही. माझा हट्ट सगळ्या वस्तीला ठाऊक आहे.

दुखणं पाठीत सुरू झालं, बरगड्या संपतात तिथं मधोमध. संध्याकाळी अंग कणकणायचं. सदरा खांद्यावरनं उतरायला लागला. बाळाबाई म्हणायची, "आवं, दाखवा तरी कुणाला." मी म्हणायचो, "म्हातारपण हाय, त्याला काय दाखवायचं?" कुंडलला माझी लेक दिली आहे, तिनं कुठल्यातरी पाल्याचं तेल पाठवलं. ते तेल लावून मी शेजारच्या एका पैलवानाकडनं पाठ रगडून घेतली, चांगली गुडघा देऊन. पुढं डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी डोळेच मिटले. पोखरलेल्या मणक्यावर मी गुडघा देऊन घेत होतो. तुम्ही असलं करू नका. पाठ महिनाभर दुखली आणि सोबत ताप असला तर आधी फोटो.

फोटो काढायला तानाजीनं मला एका गावी नेलं, गावाचं नाव सांगत नाही. तिथला माणूस खोलीत आला तोच बोलत आला. "शर्ट काढा. आडवं व्हा. हलू नका. श्वास धरा." आणि दार लावून गेला. मी श्वास धरला. धरून राहिलो. सोडा म्हणून कुणी सांगेना. डोळ्यांपुढं अंधारी आली तसा मी उठून बसलो. तो परत आला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, ऐकायला येत नाही का? फिल्म वाया घालवली."

मी सदरा खांद्यावर टाकला आणि उघड्या अंगानं बाहेर आलो. तानाजी मागनं, "आबा, आवं थांबा, आबा." मी थांबलो नाही.

आता विचार करतो, त्या माणसाचं माझं काही वैर नव्हतं. बाहेर लय माणसं ताटकळली होती आणि तो एकटा होता. पण त्यानं एवढंच सांगितलं असतं की श्वास किती वेळ धरायचा आणि कशाला, तर मी मुकाट पडून राहिलो असतो. माझा रोग चार महिने आधी सापडला असता. त्या चार महिन्यांत माझे पाय गेले.

पाय गेले ते असे. आधी चप्पल पायातनं निघून जायची आणि मला कळायचं नाही. मग उंबऱ्याला अडखळायला लागलो. एक दिवस सकाळी मेंढरं सोडायला उठलो तर उठताच येईना. बाळाबाई म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "मुंग्या आल्यात." दुपारपर्यंत मुंग्याच आल्यात म्हणून सांगत राहिलो. शेवटी तानाजीनं मला विचारलंच नाही, गाडीत घातलं आणि सांगलीला आणलं.

इथं खाटेवरच एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, दोन मणके खाल्ल्यासारखे दिसतात, टीबी असेल नाहीतर कॅन्सरची गाठ असेल, नीट बघायला एमआरआय लागेल. एमआरआय म्हणजे चुंबकाचा फोटो. मोठ्या नळीसारखं मशीन असतं, त्यात माणसाला सरकवतात आणि चुंबकाच्या जोरावर आतलं मांस, शिरा, सगळं दिसतं.

आता मला एक दुसरी गोष्ट सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या वस्तीवर मी लांडग्याचा धुळा म्हणून ओळखला जातो. तरणा होतो तेव्हा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला गेलो होतो आणि तिथं लांडग्यानं कळपावर झेप घेतली, एक कोकरू मारलं, मी त्याला नुसत्या काठीनं हाणलं, त्यानं माझी मांडी आणि कुल्ला फोडला, तरी मी सोडला नाही. खुणा अजून आहेत. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की माझ्या नातवंडांना ती माझ्यापेक्षा चांगली येते. जत्रेत मला पुढं बसवतात ते त्या लांडग्यामुळं.

एमआरआयच्या खोलीबाहेर एक लहान खोली होती. तिथं एक बाई आल्या. तिशी-पस्तिशीच्या, डोक्याला रुमाल बांधलेला. त्यांनी आधी स्टूल ओढलं आणि माझ्या तोंडासमोर बसल्या. दवाखान्यात आल्यापासून चार दिवसांत कुणी माझ्याशी बसून बोललं नव्हतं, सगळे उभ्यानं आणि वरनं बोलायचे.

"आबा, माझं नाव यास्मिन तांबोळी. तुमचा फोटो मी काढणार आहे. किती वेळ लागणार, आत काय काय होणार, सगळं सांगते. त्याआधी मला थोडी माहिती विचारायची आहे, चालेल ना?"

मी म्हणालो, "इचारा."

त्यांनी एक फॉर्म काढला. तानाजीच पुढं होऊन उत्तरं द्यायला लागला. हृदयात मशीन बसवलंय का? नाही. हाडात सळई, प्लेट? नाही. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय? नाही. मग त्यांनी विचारलं, "कधी गोळी, छर्रे, काही लागलंय का?"

तानाजी हसला. "गोळी न्हाई मॅडम, लांडगा लागलाय आमच्या आबांना." आणि त्यानं तिथं उभ्या उभ्या सगळी गोष्ट सांगितली, काठी कशी फिरवली ते हात करून दाखवलं. मी छताकडं बघत पडलो होतो.

तांबोळी मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये तोडलं नाही. मग त्यांनी आणि तिथल्या वॉर्डबॉय मामानं मला दुसऱ्या स्ट्रेचरवर घेतलं, ज्यात लोखंड नसतं त्या. घेताना माझा गाऊन बाजूला सरकला. त्यांनी तो लगेच नीट केला, पण खुणा त्यांनी बघितल्या होत्या.

त्या तानाजीला म्हणाल्या, "दादा, वॉर्डातनं आबांचा आधीचा एक्स-रे घेऊन येता का? मला लागेल." तो गेला. मामालाही त्यांनी दाराबाहेर थांबायला सांगितलं. परत स्टुलावर बसल्या.

"आबा, मी लांडगा चावलेला माणूस कधी बघितला नाही, त्यामुळं मला त्यातलं कळत नाही. मशीनचं कळतं, ते सांगते. हे मशीन म्हणजे चुंबक आहे, आणि ते कधी बंद नसतं, आत्ताही चालू आहे. अंगात कुठं लोखंडाचा कण असला तर ते त्याला ओढणार. शिरेजवळ असला तर आतल्या आत रक्त वाहील. आणि मी काचेमागं असणार, मला बाहेरनं काही दिसणार नाही. मला फक्त तुम्ही सांगाल तेवढंच कळणार."

मग माझ्या तोंडातनं निघून गेलं, "चाळीस वर्साचं जुनं लोखंड बी वढतंय?"

"ओढतंय," त्या म्हणाल्या. "कुठलं लोखंड, आबा?"

खरं सांगतो, मी त्या आधी मनात ठरवलं होतं की तसंच आत जायचं. मेलो तर मेलो. लांडग्याचा धुळा म्हणून मरेन. वय झालंय, कॅन्सर असला तर असाही जाणारच आहे. पण ह्या बाईनं मला दरडावलं असतं तर मी खोटंच बोललो असतो. ती नुसती बसून राहिली. घड्याळाकडं बघितलं नाही. बाहेर दुसरे पेशंट होते ते मला ठाऊक होतं.

मी सांगितलं.

लांडगा नव्हता. त्या साली कृष्णाकाठाला रानात खतासाठी बसवलेल्या मेंढरांवर पहाटेची राखण माझी होती आणि मला झोप लागली. मेंढपाळाला ह्याच्यासारखी शरम दुसरी नाही. भुकेनं मेलेला मेंढपाळ चालतो, झोपलेला चालत नाही. कळप शेजारच्या हरभऱ्यात शिरला. हरभऱ्याचा मालक ठासणीची बंदूक घेऊन आला आणि त्यानं उडवली. एक कोकरू जागेवर पडलं आणि मला मांडीत आणि कुल्ल्यात चटके बसले. बंदुकीत सायकलीतले छर्रे भरले होते. बरोबरच्या गड्यानं तीन सुईनं काढले, बाकीचे आतच राहिले. तोच म्हणाला, "लांडगा म्हणू, धुळा. लांडग्याला कोण इचारतंय?" तो गडी आता नाही. मी लांडगा म्हणालो, आणि म्हणतच राहिलो.

तांबोळी मॅडम म्हणाल्या, "सायकलीतले छर्रे? माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. छर्रे मातीत सांडले की ते चुंबक फिरवायचे आणि सगळे टकटक येऊन चिकटायचे. आबा, तुम्ही आज सांगितलंत, लय मोठं काम केलंत."

मी म्हणालो, "पोराला सांगू नगं, पोरी. माझी आब्रू जाईल."

"फॉर्मवर मी एवढंच लिहिणार की अंगात लोखंडाचे छर्रे आहेत. ते कसे गेले, ह्याला फॉर्ममध्ये जागाच नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण तुमच्याशी खोटं बोलणार नाही. डॉक्टरांना मला आजच सांगावं लागेल. ते राउंडला आले की तुमच्या मुलासमोरच बोलतील. त्याच्या आधी तुम्ही स्वतः सांगितलंत तर बरं पडेल."

तानाजी फोटो घेऊन आला तेव्हा त्यांनी सांगितलं की आज एमआरआय होत नाही, आधी कमरेचा एक एक्स-रे काढायचा आहे. तो काढला. मला पडद्यावर दाखवलाही. पांढऱ्या हाडांच्या मध्ये सहा गोल ठिपके, पांढरेशुभ्र. एक अगदी मोठी शीर जाते त्या जागी होता. त्याच्यावर त्यांनी बोट ठेवलं. मला कळलं.

दुपारी वॉर्डात पंखा फिरत होता, शेजारचा पेशंट झोपला होता. डॉक्टर चारला येणार होते. मी तानाजीला म्हणालो, "हिकडं ये. खाली बस." तो बसला. बाळाबाई भाकरी फडक्यात बांधत होती. मी छताकडं बघत सगळं सांगितलं, झोपेसकट.

तानाजीनं कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "आवं आबा, मी शाळेत लांडग्यावर निबंध लिवला हुता! मास्तरांनी सगळ्या वर्गाला वाचून दावला हुता!"

"मग काय करू? मास्तराची माफी मागू?"

"मगाशी त्या मॅडमसमोर मी काठी फिरवून दावली की वो! काय म्हणली आसंल ती!"

बाळाबाई तिथनं म्हणाली, "मला ठावं हुतं."

आम्ही दोघं तिच्याकडं बघायला लागलो. ती गाठ मारतच होती.

"लांडगा चावला की धोतर फाटतं. भोकं पडत न्हाईत," ती म्हणाली. "मी धुतलं हुतं ते धोतर. बंदुकीच्या दारूचा वास येत हुता. आन एक छर्रा निऱ्यांत आडकून राहिला हुता. म्या हिरीत टाकला."

"मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?" मी म्हणालो.

"तुमी सांगायला लागला की पोरं गप बसून ऐकायची. जेवायची बी गप. मी कशाला बोलू?"

तानाजी हसायला लागला. आधी तोंड दाबून हसला, मग त्याला आवरेना. शेजारचा पेशंट जागा झाला. मला राग आला होता, पण हसताना पोरगा माझ्या पायावर हात ठेवून होता आणि तो हात मला कळत नव्हता. तेवढंच मला त्यावेळी जाणवलं. अब्रूचा विचार तिथंच मागं पडला.

डॉक्टर म्हणाले, एवढ्या जोखमीवर एमआरआय करायचा नाही, सीटीवर भागवू. सीटी स्कॅन म्हणजे किरणांचाच फोटो, पण मोठ्या कड्यातनं माणूस सरकवतात आणि पाव कापल्यासारखे आतले काप दिसतात. त्यातच सीटी गायडेड बायोप्सी करायची ठरली. म्हणजे फोटोत बघत बघत पाठीतनं सुई मणक्यापर्यंत न्यायची आणि आतला कण काढून तपासायला पाठवायचा. त्यावरनं टीबी का कॅन्सर ते कळणार.

सुई डॉक्टर घालणार होते. पण मी तानाजीला विचारून घेतलं की फोटोला कोण आहे. तांबोळी मॅडमच होत्या.

पालथं झोपवलं. तोंड एका बाजूला. मॅडमनी आधीच सगळं सांगितलं. "आता टेबल वर जाईल. आता आत सरकेल. घरघर आवाज येईल, तो मशीनचा, तुमच्या अंगाला काही होत नाही. श्वास धरा म्हणेन तेव्हा धरा, मी दहा आकडे मोजेन, दहाच्या आत सोडा म्हणेन. सोडा म्हणायला विसरणार नाही."

मी म्हणालो, "एका ठिकाणी इसरले हुते."

"मी नाही विसरणार."

मग त्या बाहेर जायला निघाल्या. माझं तोंड मोकळंच होतं, मी म्हणालो, "पोरी, किरणं सोडायची येळ आली की तू पळतीस आन मला हितंच ठेवतीस व्हय?"

त्या परत आल्या आणि समोर वाकल्या. "आबा, तुम्हाला हे किरण आज एकदा लागणार. मी इथं उभी राहिले तर मला रोज लागतील, दिवसातनं तीस-तीस वेळा. म्हणून काचेमागं जाते. पण काचेतनं तुमच्याकडंच बघत असते आणि माझा आवाज तुम्हाला ऐकू येतो. तुम्ही बोललात तर मलाही ऐकू येतं. बोलून बघा आत."

दार लागलं. मी म्हणालो, "हाईस का?"

वरनं कुठनं तरी आवाज आला, "आहे आबा."

सुई घालणं एका दमात होत नाही. थोडी घालायची, फोटो बघायचा, परत थोडी. दर वेळी डॉक्टर आणि त्या बाहेर जायचे, परत आत यायचे. बधिर केलं होतं, पण हाडाला सुई लागली की आतनं दाबल्यासारखं व्हायचं. दर वेळी आत आल्यावर त्या आधी माझ्या खांद्यावर हात ठेवायच्या, मग पुढचं सांगायच्या. तीन फोटो झाले, अजून दोन. अजून एक.

मी रडलो. माझी आई गेली तेव्हा रडलो नव्हतो. तोंड भिंतीकडं होतं म्हणून बरं, असं मला वाटलं. पण गालाखालची चादर ओली झाली. तांबोळी मॅडमनी ती काढून घेतली, कोरडी घडी घालून ठेवली आणि म्हणाल्या, "शेवटचा आहे आता, श्वास धरा." चादरीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर कुणी मला विचारलं की दवाखान्यात तुझी काळजी कुणी घेतली, तर मला आधी ती चादर आठवते.

तपासणीचं उत्तर यायला आठ दिवस लागले. ते दिवस वाईट. बाळाबाई कॅन्सर हा शब्दच तोंडातनं काढायची नाही, "ती" म्हणायची. "ती नसंल." आणि मग डॉक्टर खाटेजवळ येऊन ते बोलले जे मी सुरुवातीला लिहिलं.

औषध सुरू झालं. पहिल्याच दिवशी सिस्टर म्हणाली, लघवी लाल-केशरी होईल, घाबरायचं नाही, ते औषधाचं आहे. बरं झालं सांगितलं, नाहीतर मी रक्त म्हणून गोळ्या फेकून दिल्या असत्या. पाठीला ब्रेस बांधला. ब्रेस म्हणजे ताठ पट्टा, बसताना मणक्याला आधार. व्यायाम शिकवायला एक मुलगा यायचा, पाय हलवून द्यायचा, मी नुसता बघायचो.

घरी आलो तेव्हा पाय तसेच होते. दोन महिने तसेच. एकदा बाळाबाई पायाला तेल लावत होती आणि म्हणाली, "आंगठा हलवला का तुमी?" मी म्हणालो, "न्हाई." ती म्हणाली, "हलला." आम्ही दोघं त्या अंगठ्याकडं बघत बसलो, चूल विझेपर्यंत. मग तो परत हलला, आणि ह्या वेळी मीच हलवला होता.

पुढचं सावकाश झालं. भिंतीला धरून, मग वॉकर, मग काठी. औषध मी एक दिवस चुकवलं नाही. मधेच बरं वाटलं की लोक सोडतात आणि रोग दुप्पट होऊन येतो, हे डॉक्टरांनी दहादा सांगितलं होतं. माझा हट्ट जन्मभर कुठं कुठं खर्ची पडला, पण औषधाच्या बाबतीत तो कामाला आला.

वस्तीवर लांडग्याचं सगळ्यांना कळलं. तानाजीच्या पोटात काही राहत नाही. पहिले काही दिवस तरणी पोरं मला बघून "हरभरा, हरभरा" करायची. मी एकाला काठी दाखवली तेव्हा थांबली. नातवंडांना मात्र आता बंदुकीची गोष्ट लांडग्यापेक्षा जास्त आवडते. ठिपक्यांचा फोटो त्यांनी भिंतीवर लावून ठेवला आहे.

तुम्हाला एवढंच सांगतो. फोटो काढणाऱ्यानं काही विचारलं तर ते उगाच विचारत नाहीत. अंगात काय आहे, पूर्वी काय लागलं, कुठलं ऑपरेशन झालं, बाईमाणूस असली तर पोटात मूल आहे का, खरं सांगा. पोरांसमोर सांगता येत नसेल तर पोरांना बाहेर घालवा, तसं म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. भीती वाटत असेल, श्वास धरवत नसेल तर ते पण सांगा, मी सांगितलं नाही म्हणून चार महिने गमावले. आणि जे लोक त्या खोल्यांत काम करतात त्यांना सांगतो, तुम्ही आमच्याशी दोन मिनिटं बसून बोललात तर आम्ही हलत नाही. खरंच हलत नाही.

चौदा महिन्यांनी औषध संपत आलं आणि डॉक्टरांनी परत एक्स-रे सांगितला. तानाजीनं गाडी दवाखान्याच्या दारात आणली. मी म्हणालो, फाटकापाशीच थांबव. तिथनं फोटोच्या खोलीपर्यंत मी चालत गेलो. काठी गाडीतच ठेवली होती.

बाकावर बसलो. नंबर आला तशा तांबोळी मॅडम बाहेर आल्या, हातात कागद. त्यांनी नाव पुकारलं आणि इकडं तिकडं स्ट्रेचर शोधायला लागल्या. मी उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्या माझ्या बाजूनं पलीकडं बघत होत्या.

"धुळा आबा कुठं आहेत?" त्यांनी तानाजीला ओळखून विचारलं.

"मी हाय की हितं," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. अजून थोडी वर केली. मला त्यांनी आजवर आडवाच बघितला होता. माझं एकेक हाड त्यांना ठाऊक होतं, पण मी उभा कसा दिसतो ते माहीत नव्हतं.

"आबा! तुम्ही एवढे उंच आहात?"

"दोन मणकं बसल्यात. न्हाईतर आजून दोन बोटं हुतो," मी म्हणालो.

त्या हसल्या. डोळे भरले होते, पण मीही त्याबद्दल काही बोललो नाही. त्यांनी दार उघडून धरलं.

"चला आत. आज टेबलावर झोपायचं नाही. उभ्यानंच काढायचा फोटो."

मी आत गेलो आणि उभा राहिलो.